श्रावणातला तरोटा: एका पंगतीचं प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यातल्या एका गावात ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात शेतकऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर होतं. जेवणाचं काम गावातल्याच महिला बचत गटाकडे होतं. बेत साधा: भात, तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, मठ्ठा, आणि पाहुण्यांसाठी खास म्हणून तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी. पंगतीला ६१ माणसं बसली, त्यातल्या ५४ जणांनी भाजी घेतली. रात्री नऊनंतर एकेकाच्या पोटात मुरडा येऊ लागला आणि ढाळ सुरू झाले. पहाटेपर्यंत २१ जणांना त्रास झाला. तिघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं लागलं, तिथं जलसंजीवनीवर भागलं. सलाईन फक्त एका वयस्कर काकाजींना लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे आपापल्या पायावर घरी होते.

गावाचा निकाल मात्र सकाळीच लागला होता: धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) फवारलेला पाला शिजवून घातला. या भागात असा संशय लगेच येतो, आणि तो वावगा नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. पण इथं तो निकाल चुकला. चुकीचा निकाल मान्य करून गट पुढच्या वर्षी ‘न फवारलेला’ पाला आणून तशीच भाजी रांधणार असता, तर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून मांडलं आहे.

कोण केव्हा आजारी पडलं

अशा वेळी आधी घड्याळ पाहायचं, पाला नंतर. पंगत एकच्या सुमारास बसली. तिच्यातल्या माणसांना त्रास सुरू झाला तो रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, म्हणजे आठ-दहा तासांनी. वाढणाऱ्या बाया दुपारी चार वाजता जेवल्या. त्यांच्यातल्या चौघींना मुरडा आला तो मध्यरात्रीनंतर. जेवायला तीन तास उशीर, त्रासालाही तेवढाच उशीर. भाजी न घेतलेल्या सात जणांना काहीही झालं नाही, आणि तेही त्याच हंड्यातलं पाणी प्याले होते, तोच मठ्ठा प्याले होते. ताप कोणालाच नव्हता. उलटी फक्त दोघांना झाली, तीही एकेकदाच.

कीटकनाशकाची विषबाधा आठ-दहा तास थांबून येत नाही. शेतात सर्रास वापरली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधं पोटात गेली तर थोड्या वेळातच घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. यातलं एकही लक्षण कोणात दिसलं नाही. झाकून ठेवलेल्या शिळ्या अन्नाच्या बऱ्याच बाधांत उलट्या जास्त होतात आणि त्रास काही तासांतच सुरू होतो. ताप नाही, उलटी जवळपास नाही, नुसता मुरडा आणि पातळ शौच, तेही रात्री. रात्री झोपताना सोनामुखीचं चूर्ण घेणाऱ्याला सकाळी जे होतं, ते हेच.

आणि सोनामुखी तरोट्याच्या सख्ख्या नात्यातली आहे. दोन्ही सेना याच प्रजातीतल्या. तरोटा म्हणजे सेना टोरा, ज्याला कोकणात आणि देशावर टाकळा म्हणतात. तरोट्याच्या पानांत आणि बियांत अँथ्रक्विनोन गटातली द्रव्यं असतात: क्रायसोफॅनॉल, इमोडिन वगैरे. गजकर्णावर तरोटा वाटून लावतात तो यांच्याच भरवशावर. यातला साखरेशी जोडलेला भाग लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू त्याला मोकळं करतात. तेव्हा कुठे आतडं आकसायला लागतं आणि पाणी सुटतं. म्हणून परिणाम दिसायला सहा ते बारा तास लागतात. चार वाजता जेवणाऱ्या बायांचं घड्याळ तीन तास मागे राहिलं, ते याच हिशेबानं.

आता प्रश्न उरतो तो असा. मृग-आर्द्रात पूर्व विदर्भातली अख्खी झाडीपट्टी तरोटा खाते, कोणाला ढाळ लागत नाहीत. मग याच पंगतीत का?

महिना चुकला

तरोट्याचं बी पहिल्या पावसात उगवतं. गुरं त्याच्या वासानं तोंड लावत नाहीत, म्हणून पडीक, पांदण, आखर, रस्त्याची कड, जिथं म्हणून चराई होते तिथं इतर हिरवं संपून तरोटाच तेवढा राहतो. जून संपता संपता तो वीतभर होतो, पानं पोपटी आणि मऊ असतात, खुडताना शेंडा चटकन तुटतो. खायचा तरोटा एवढाच. पुनर्वसूपर्यंत चालतो. पुष्य लागलं की खालची पानं जाड आणि गडद होतात, देठ चिवट होतो, वास उग्र होतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत झाड गुडघ्याला लागतं आणि पानाच्या बगलेत पिवळ्या फुलांच्या कळ्या धरतात. फुलावर आलेल्या तरोट्याचा पाला भाजी म्हणून कोणी घरात आणत नाही. गटातल्या सगळ्यात थोरल्या मावशींनी बेत ठरला तेव्हाच म्हटलं होतं, “पोळ्याच्या तोंडावर तरोटा खातेत का कोनी?” पण बेत शिबिर भरवणाऱ्यांनी ठरवला होता आणि कागदावर ‘रानभाजी’ लिहून झालं होतं.

हा प्रकार एकट्या या गावचा नाही. रानभाज्यांचे महोत्सव बहुधा ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या आसपास भरतात. ती तारीख काटवलाला (कर्टुल्याला) सोयीची आहे, धोप्याच्या (अळूच्या) पानांना आहे, वास्त्यांनाही (बांबूच्या कोंबांनाही) चालते. तरोट्याचा हंगाम तोवर उलटलेला असतो. तरीही नाव माहितीचं म्हणून तो टेबलावर हवाच असतो.

ऑगस्टमध्ये कोवळा तरोटा अगदीच मिळत नाही असं नाही. याच्या बियांचं कवच टणक, त्यामुळे सगळं बी एकदम उगवत नाही. पावसाची उघडीप झाली आणि पुन्हा सर आली की मोठ्या झाडांच्या बुडाशी नवी रोपं दिसतात. पण ती वेचायची तर तासाला अर्धा किलो हाती लागलं तरी पुष्कळ. गटाला एका सकाळीत चौदा किलो पाला हवा होता. मग शेंडे खुडायचं सोडून डहाळ्या ओरबाडल्या गेल्या. वरची चार पानं आणि खालची जून पानं एकाच टोपल्यात पडली.

चौदा किलो कशाला?

मेथीच्या हिशेबानं. मेथी शिजून फार आटते, म्हणून माणशी पाव किलो धरायची सवय. तरोटा तितका आटत नाही. उकडून पिळल्यावर किलोचा साधारण सहाशे ग्रॅम राहतो. घरी पाच माणसांना चारशे-साडेचारशे ग्रॅम कच्चा पाला पुरे होतो, म्हणजे माणशी ऐंशी-नव्वद ग्रॅम, त्यात चण्याची डाळ. पंगतीत माणशी अडीचशे ग्रॅमच्या घरात पाला गेला, आणि तोही जून. ज्यांनी दोनदा भाजी मागून घेतली ते जवळपास सगळे आजाऱ्यांच्या यादीत आहेत. काकाजींना सर्वांत जास्त त्रास झाला, कारण ते रोज रात्री पोट साफ व्हायचं चूर्ण घेतात आणि त्या रात्रीही त्यांनी ते घेतलंच. भाजी चमचाभरच खाल्लेल्यांपैकी कोणी आजारी पडलं नाही. मात्रा वाढली तसा त्रास वाढला, हे यातलं सर्वांत बोलकं चित्र आहे.

गंजात काय झालं

खरी गडबड चुलीवर झाली. तरोटा रांधण्यातली एक पायरी टाळता येत नाही: भरपूर पाण्यात उकडायचा, ते पाणी फेकायचं, पाला पिळायचा, मग फोडणी. कडू आणि रेचक द्रव्यांचा बराच भाग उकळत्या पाण्यात उतरतो. अगदी कोवळ्या शेंड्यांना काही घरांत ही पायरी न करताही चालवून घेतात, थोडीशी भाजी असते, खपून जातं. जून पाल्याला ती सूट नाही.

त्या दिवशी पाऊस होता, लाकडं ओली, आणि बारापर्यंत अन्न तयार हवं होतं. चाळीस लिटरच्या गंजात (मोठ्या पातेल्यात) पंधरा लिटर थंड पाणी घेतलं, चौदा किलो पाला त्यातच कोंबला आणि झाकण ठेवलं. पाला पाण्यावर तरंगत राहिला, खालचा शिजला, वरचा वाफेवर राहिला. पाणी कमीच होतं, ते गाळून टाकण्याऐवजी आटू दिलं. म्हणजे जे फेकायचं तेच दाट होऊन भाजीत मुरलं. चव घेतली तेव्हा भाजी कडूजहर. मग दोन किलो भेदरं (टोमॅटो), चिंचेचा कोळ, गूळ आणि तिखट वाढवून ती गिळण्याजोगी केली. हे कौशल्य नको तिथं कामाला आलं. कडूपणा तसाच राहिला असता तर लोकांनी दोन घासांत ताट बाजूला सारलं असतं.

चार वाजता जेवलेल्या बायांच्या वाट्याला गंजाच्या बुडाची, रसाची भाजी आली होती. सहाजणींपैकी चौघी आजारी पडल्या, पंगतीपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त.

एक धागा आयताच हाती लागला. निवडताना जास्त झालेला किलोभर पाला गटातली एक सून घरी घेऊन गेली होती. तिच्या सासूबाईंनी तो दोनदा उकडला, दोन्ही वेळचं पाणी नालीत ओतलं, घट्ट पिळून डाळीत परतला. घरातल्या सहा माणसांनी खाल्ला, एकालाही काही झालं नाही. टोपलं तेच, पाला तोच, पद्धत आणि मात्रा वेगळी.

यावरून ‘फवारणीचा काही संबंध नाही’ असं मात्र म्हणता येत नाही, कारण दोनदा उकडून पाणी फेकलं तर पानावरचं औषधही काही प्रमाणात निघून जातं. त्यामुळे फवारणीचा हिशेब वेगळा पाहावा लागला.

धुऱ्यावरचा पाला

पाला तीन जागांवरून आला होता: नाल्याकाठच्या पडीकातून, गावाबाहेरच्या पांदणीतून आणि एका सोयाबीनच्या वावराच्या धुऱ्यावरून. त्या वावरात जुलैत तणनाशक मारलं होतं, आणि पंगतीच्या सहा दिवस आधी चक्रीभुंग्यासाठी कीटकनाशक फवारलं होतं. धुऱ्यावर फवाऱ्याचा तुषार उडणारच.

लक्षणं आणि वेळ पाहता त्या रात्रीचा त्रास औषधाचा नव्हता. पण दोष सिद्ध झाला नाही म्हणून ती जागा खुडायला योग्य ठरत नाही. उलट सोयाबीनमधला तरोटा दिसायला फसवा असतो. तोही शेंगवर्गीय कुळातला, त्यामुळे सोयाबीनला न मारणाऱ्या तणनाशकातून तो पुष्कळदा वाचतो. आठ-पंधरा दिवस पिवळा पडून बसतो आणि मग बाजूनं कोवळे फुटवे काढतो. वेचणारीला वाटतं, इथं छान कोवळा पाला आहे. औषधाच्या डब्यावर पिकाच्या काढणीसाठी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, तिथल्या तणाची भाजी खाण्यासाठी कोणीच काही लिहीत नाही. म्हणून नियम सरळ ठेवावा: ज्या वावरात त्या हंगामात पंप फिरला, तिथला आणि त्याच्या धुऱ्यावरचा पाला घ्यायचा नाही. मोठ्या रस्त्याची कड आणि गावच्या सांडपाण्याची नालीही नको. पडीक, नाल्याचा वरचा काठ, देवराई, जंगलाची कड, या जागा बऱ्या.

टोपल्याच्या तळाशी

उरलेला पाला ओट्यावर पसरून निवडला तेव्हा त्यात वेगळी पानं सापडली. थोडीच, दोन मुठी भरतील एवढी, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. ती कासविंद्याची होती, ज्याला रानटाकळाही म्हणतात: सेना ऑक्सिडेंटॅलिस. तरोट्याच्या शेजारीच उगवतो, फूलही पिवळंच.

ओळखायला कठीण नाही, फक्त पान हातात घेऊन पाहावं लागतं. तरोट्याच्या एका देठावर पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि गोलसर, देठाकडे निमुळती. खालच्या जोड्यांच्या मधोमध, देठाच्या वरच्या अंगाला, बारीक काडीसारखी उभी ग्रंथी दिसते. नखाच्या टोकाएवढी असते, उजेडाकडे धरलं की कळते. कासविंद्याच्या पर्णिकांच्या बहुधा चार ते सहा जोड्या असतात, प्रत्येक पर्णिका टोकाला अणकुचीदार, आणि ग्रंथी असते ती देठाच्या अगदी बुडाशी, गडद आणि फुगीर. शेंगा धरल्यावर तर शंकाच उरत नाही. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, जवळजवळ सरळ, कडा जाड झालेली.

या पंगतीतल्या त्रासात दोन मुठी कासविंद्याचा वाटा असलाच तर किरकोळ. पण याच झाडाच्या शेंगा आणि बिया लहान मुलांच्या जिवावर उठतात. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं हिवाळ्याच्या सुरुवातीला मुलं दगावत होती आणि तो मेंदूज्वर समजला जात होता. पुढे तपासात कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याचं निघालं. यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाव पडतो. २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात मुलांचे मृत्यू झाले, तेव्हा जपानी मेंदूज्वराबरोबर तिथं ‘बडा चकुंडा’ म्हणतात त्या याच झाडाचं नाव पुढे आलं. म्हणून मुलांना भाजी खुडायला पाठवताना त्यांना हे झाड उपटून हातात देऊन दाखवावं. मुलाला उलट्या होऊन भान हरपू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, तर मुरडा समजून घरी थांबायचं नाही, थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं, आणि काय खाल्लं त्याची शेंग सोबत न्यायची.

पुढच्या पावसाळ्यात

गटानं तरोटा सोडला नाही, तारीख बदलली. आर्द्रात खुडायचा, पुनर्वसू सरला की बंद. नखानं शेंडा तुटला तर घ्यायचा, ओढावा लागला तर सोडायचा. कळी दिसलेल्या झाडाला हात लावायचा नाही. खुडून आणल्यावर प्रत्येक टोपलं ओट्यावर पसरून टोकदार पानं बाजूला काढणं हे एकाच बाईचं काम, तिनं दुसरं काही करायचं नाही.

साठ माणसांचं माप आता असं बसवलं आहे. खुडलेला कोवळा पाला सहा किलो, तीन पाण्यांतून धुतलेला. पंचवीस लिटर पाणी आधी खळखळून उकळायचं, मगच पाला टाकायचा, एका वेळी दोन किलो, झाकण न ठेवता आठ-दहा मिनिटं. झाऱ्यानं काढून टोपलीत निथळत ठेवायचा. तिसऱ्या घाण्यापर्यंत पाणी गडद होतं, तेव्हा निम्मं फेकून नवं घ्यायचं. निवल्यावर घट्ट पिळायचा, साडेतीन किलोच्या आसपास गोळा राहतो, तो बारीक चिरायचा. दीड किलो चण्याची डाळ दोन तास भिजवून अर्धवट शिजवलेली. पाऊण लिटर तेलात तीनशे ग्रॅम ठेचलेला लसूण, दोनशे ग्रॅम हिरवी मिरची, तीन किलो कांदा, मग डाळ, मग पाला. मीठ शेवटी. गूळ नाही, चिंच नाही. चव घेतल्यावर भाजी कडू लागली तर कडूपणा झाकायचा नाही, पुन्हा उकडायची. फोडणीत गेली असेल तर टाकून द्यायची. गरोदर बायांना आणि पोट साफ व्हायचं औषध रोज घेणाऱ्यांना वाढताना विचारून घ्यायचं.

श्रावणातल्या बेतासाठी सुकवलेला पाला ठेवायची कल्पना चांगली, पण जुलैत ऊन कुठे असतं? उकडून पिळलेला पाला चुलीवरच्या माळ्यावर सुपात पातळ पसरला तर दोन-तीन दिवसांत वाळतो. दहा किलो ताज्या पाल्याचा दीड-दोन किलो होतो. मुठीत चुरल्यावर देठासकट कुरकुरला पाहिजे. देठ वाकला तर आत ओल आहे, तो डबा भादव्यापर्यंत बुरशीनं जाईल. पहिल्या वर्षी गटाचा निम्मा माल असाच गेला. त्यामुळे ऑगस्टच्या मागणीला आता सरळ काटवल सांगतात. दर जास्त लागतो, पण हंगामातलं असतं.

उरला तरोट्याच्या बियांचा धंदा. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की झाडं कापून झोडपतात आणि बी व्यापाऱ्याला जातं. बी गोळा करायला मुलंच जास्त असतात, म्हणून कासविंदा भादव्यातच, शेंगा हिरव्या असतानाच, मुळासकट उपटून जाळला जातो. पांदणीच्या दोन्ही कडा आणि शाळेमागचा पडीक आधी, बाकीचं नंतर.